दक्षिणेकडची नावं

आमच्या वारज्यात सत्यशीलाबाईंशी एकदाही भांडण झालं नाही असं घर सापडायचं नाही. त्यांची पिठाची गिरणी. डबा ओला दिसला की दळण परत. "आधी डबा पुसून आणा, मग बोला," हे त्या माझ्यासारख्या निवृत्त चित्रकलेच्या मास्तरालाही सुनावायच्या. मीही जन्मानं पेठेतला, ऐकून घेण्याची सवय नाही. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी फक्त गव्हापुरतं बोललो.

त्यांचा एकुलता एक मुलगा विक्रम सैन्यात होता. सीमेवरच्या चौकीवर तोफगोळा पडला आणि तो गेला. अंत्यदर्शनाला आलेले पुढारी फोटोसाठी शवपेटीपुढे दाटी करायला लागले, तेव्हा बाईंनी त्यातल्या एकाला दंडाला धरून बाजूला केलं. "माझं पोर दिसंना झालंय, सरका." त्या दिवसापासून मी बाईंना मानायला लागलो.

मग स्मारकाची टूम निघाली. वारज्यातले चार जवान आजवर कामी आलेले, त्यांच्यासाठी बागेच्या कोपऱ्यात काळ्या दगडाचा चौकोनी खांब. समितीचे अध्यक्ष अर्थातच इंद्रजीतशेठ, बिल्डर. आराखडा माझ्याकडे आला. मी साधाच काढला. वर उलटी रोवलेली बंदूक, तिच्या दस्त्यावर हेल्मेट, आणि खाली दर्शनी, म्हणजे पूर्वेच्या बाजूला चार नावं.

"बंदूक उलटी का? आपण हरलो का?" शेठनी विचारलं.

"ती धरणारा उरला नाही म्हणून," मी म्हणालो. शेठना ते पटलं नाही, पण फोनवर अशी चित्रं बघून गप्प बसले.

बाई एकाच मीटिंगला आल्या. म्हणाल्या, "मला बंदुकीतलं काय कळत न्हाई. माझ्या पोराच्या नावासमोर मला उभं राहता आलं पायजे, तेवढं बघा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

पुढच्या मीटिंगला शेठनी वास्तुवाला आणला. तो म्हणाला, मेलेल्यांची नावं पूर्वेला कशी चालतील? दक्षिण ही यमाची दिशा, नावं तिकडेच हवीत. आता दक्षिणेला शेठच्याच इमारतीच्या कंपाउंडची भिंत, मध्ये जेमतेम दीड फूट जागा. "मग नावं वाचणार कोण, पाली?" मी म्हणालो.

"मास्तर, श्रद्धेचा प्रश्न आहे. आणि पूर्वेची बाजू मोकळी राहतेय, तिथं समितीची नावं घेऊ. तुमचं सातवं."

इथं मला खोटं बोलायचं नाही. आपलं नाव दगडात कोरलं जाणार म्हटल्यावर मला आतून गुदगुल्या झाल्या आणि मी तोंड मिटलं. अक्षरं कोरायला वाघोलीच्या खाणीवरचा सोनबा आला होता. तो म्हणाला, "मास्तर, तिकडं माणूस मावायचा न्हाई." मी त्याला सांगितलं, तू तुझं काम कर. बाईंना यातलं काही कळवलं नाही. त्यांच्या तोंडाला कोण लागणार, म्हणून सगळेच गप्प.

अनावरणाला एक निवृत्त कर्नल आले. दोरी ओढली, कापड खाली आलं, बिगुल वाजलं. कर्नलनी ताठ उभं राहून पूर्वेच्या बाजूला कडक सॅल्यूट केला. आम्ही सगळे सावधान. बाई पुढे झाल्या आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचायला लागल्या. अकरा नावं, प्रत्येकाआधी 'मा.'

"माझा विक्रम कुठं हाय?"

"दक्षिणेच्या बाजूला, ताई. शास्त्राप्रमाणे," शेठ म्हणाले.

बाई अंग चोरून त्या फटीत शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा पदराला भिंतीचा चुना लागला होता. त्या शेठकडे गेल्याच नाहीत. कर्नलसमोर उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सायेब, तुम्ही बिल्डरला सलाम ठोकला. मेलेली तिकडं फटीत हायती."

कर्नलचा चेहरा पडला. ते आडवे होऊन आत गेले. नावांसमोर हात उचलायला लागले तर कोपर भिंतीवर आपटलं. दुसऱ्यांदाही आपटलं. बाहेर येऊन म्हणाले, "ही भिंत पाडा."

"सर, आमचं पार्किंग आहे त्या बाजूला," शेठ म्हणाले. कर्नल सरळ गाडीत जाऊन बसले.

बाईंनी मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या सोनबाला हाक मारली. "माझ्या पोराचं नाव काढ."

"शहिदाचं नाव खोडता? लोक काय म्हणतील?" शेठ ओरडले.

"शाळेतसुदीक त्याला कुणी कोपऱ्यात उभं केलं नव्हतं. काढ."

सोनबानं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच हो म्हटलं. तो छिन्नी घेऊन आत शिरला आणि आम्ही बाहेर उभ्यानं घाव ऐकत राहिलो. मला रडू येत होतं आणि स्वतःचा भयंकर रागही. तो बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सोनबा, आता इकडचं सातवं नावही काढ."

बाईंनी त्याच्या हातातली छिन्नी धरली.

"तुमचं राहू द्या, मास्तर," त्या म्हणाल्या. "ह्यात कोण कोण व्हतं, ते लोकांना कळू द्या."