हवा लागलेली फिल्म

आमची फिल्म व्हॅक्यूममधून बाहेर काढली की तिच्यावर हवेतला ऑक्सिजन आणि ओल साचायला लागते. आमच्या धाराशिवच्या लॅबवर किस्से तसेच साचलेत, आणि बहुतेक माझ्यामुळंच!

फिल्म म्हणजे नायट्राइडचा, डोळ्यांना न दिसणारा पातळ थर. विजेचा झटका दिला की तिच्या आतल्या विद्युतभारांची दिशा पलटते आणि झटका काढला तरी तशीच राहते. निदान पुस्तकात. माझी फिल्म व्हॅक्यूममध्ये गुणी बाळासारखी पलटायची आणि बाहेरची हवा लागली की हटून बसायची. माझी पीएचडी आणि त्यानंतरची जर्मनीतली नोकरी, दोन्ही तिच्यावर टांगलेली.

*

तेरला घरी गेलो की अण्णा, म्हणजे माझे वडील, विचारायचे की दिवसभर नेमकं करतोस काय. एकदा मी त्यांना थराची जाडी नीट समजावून सांगितली. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर ते कुणाला तरी सांगत होते, "पोरगं लई मोठं काम करतंय. फक्त ते कुणाला दिसत न्हाय."

हे मी आमच्या सरांना हसत हसत सांगितलं. सर हसले नाहीत.

*

लॅबमधला माझा जोडीदार वसीम तेरखेड्याचा, घरचा धंदा फटाक्यांचा. पावसाळ्यात माझे सगळे नमुने वाया गेले तेव्हा मी त्याच्यापुढं रडगाणं लावलं. तो म्हणाला, "ओल लागली की आमचा फटाका वाजत न्हाय, तुझी फिल्म पलटत न्हाय. पण आमचा माल दिवाळीला खपतोय तरी."

*

एकदा कोरड्या हवेत फिल्म खरंच पलटली. मी नमुन्यावर वाकून "पलटली!" म्हणून ओरडलो. माझा दमट श्वास तिच्यावर गेला आणि पुढच्या मोजणीत बाई पुन्हा ढिम्म. सर म्हणाले, "यापुढं आनंद तोंड मिटून करा." तेव्हापासून मी लॅबमध्ये मास्क लावूनच खूश होतो.

*

शेवटी फिल्म बाहेर काढण्याआधीच तिच्यावर दुसरा संरक्षक थर चढवला, तेव्हा कुठं ती हवेत टिकली आणि व्हायवाचा, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेचा, दिवस उगवला. व्हायवा सगळ्यांना खुला असतो, म्हणून अण्णा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत. त्यांना बघून परीक्षक म्हणाले, मराठीत सांगा. बाहेरची हवा लागली की उघड्या फिल्मचा पृष्ठभाग बदलतो आणि मग ती पलटत नाही, हे मी घाम पुसत सांगितलं. मग परीक्षकांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, आणखी कुणाला प्रश्न?

अण्णांनी हात वर केला. वसीमनं डोळे मिटून घेतले.

"बाहेरची हवा लागली की पलटायचं बंद होतंय, म्हणतूस. मग तू जर्मनीला गेल्यावर पलटून घरी येणार का न्हाय?"

सभागृह हसलं. परीक्षकांनी मात्र पेन खाली ठेवला आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "द्या उत्तर."