फळ्यावर घरचं नाव

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. हिच्या नाकावरच राग, असं घरचे म्हणायचे. पण आयुष्यात सगळ्यात मोठा राग आला तो माझा मलाच.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. कुंभिवलीजवळ हायवेला लागून असलेल्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात हजेरी लिहायचे. तिथं माणसाला नाव नव्हतं, पितळी बिल्ल्यावरचा नंबर होता. फळ्यावर प्रत्येक मशीनपुढे नंबर, हजेरीत आधी नंबर, कँटीनमध्येसुद्धा "ए दोनशे सतरा, चहा घे रं!" मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एका सकाळी गेटवरून पहारेकऱ्याचा फोन आला. डोंगरपायथ्याच्या गावातून एक म्हातारा आलाय, बायको शेवटच्या घटका मोजतेय, मुलाला बोलवा म्हणतोय. मुलाचं नाव सांगत होता ते घरचं. आमच्या भागात एक नाव घरात, दुसरं शाळेच्या दाखल्यावर. आणि दाखल्यावरचं नाव ऐन वेळी बापालाही आठवत नाही. मी कामात होते. वैतागून म्हटलं, "नंबर विचार त्याला. नंबराशिवाय कुणाला शोधू मी?" आणि फोन ठेवला. गाव विचारलं असतं तरी पाच मिनिटांत पत्ता लागला असता. नाही विचारलं.

म्हातारा तीन वाजेपर्यंत गेटबाहेर बसून राहिला. पाळी सुटल्यावर बापलेकाची गाठ पडली. ते घरी पोचले तेव्हा आई गेली होती.

दुसऱ्या दिवशी हे कळलं. दोनशे सतराचीच आई होती ती. जळ्ळं मेलं ते काम! उठले आणि थेट मॅनेजरसाहेबांसमोर उभी राहिले. फळ्यावर नंबराशेजारी घरचं नाव आणि गाव लिहायचं, म्हटलं.

"बाई, हा कारखाना आहे, बारसं नाही," साहेब म्हणाले.

"साहेब, आई मेली ती माणसाची. नंबराला आई नसते."

साहेबांनी मान खाली घालून फाइल उघडली. म्हणजे नाही. मग मीही इरेला पेटले. जेवणाच्या सुट्टीत मशीन-मशीन फिरले. घरी काय म्हणतात रे तुला? बाप्ये लाजायचे. एक जण म्हणाला, "ताई, समदे हसतील ना!" म्हटलं, हसू देत. खडूनं नावं लिहिली, सुपरवायझरनं पुसली. पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा तेलाचा रंग आणि कुंचला घेऊन गेले. सुपरवायझरनं साहेबांना बोलावून आणलं. साहेब फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले, वाचत राहिले. मग सुपरवायझरला म्हणाले, "राहू दे." एवढंच.

फळा भरला. एकच जागा रिकामी होती, दोनशे सतराची.

तेरावं उरकून तो कामावर आला. डोक्यावर केसांचे खुंट उगवले होते. मी त्याच्या मशीनपाशी गेले आणि सांगून टाकलं, "त्या दिवशी फोनवर नंबर मागणारी मीच होते." त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो मशीन चालवत राहिला. त्याचं घरचं नाव मला ठाऊक होतं, गेटवरून तेच तर सांगितलं होतं. तरी विचारलं, "फळ्यावर काय लिहू?"

त्यानं मशीन बंद केलं.

"घरचं नको, ताई. त्याच नावानं हाका मारत आय गेली. आता ते हितं नको. दाखल्यावरचं लिवा."

सगळ्या फळ्यावर घरची नावं होती. त्याच्या मशीनपुढे मी दाखल्यावरचं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.