सगळ्यात आधी मरणारा
परवा भाच्याचा हेडफोन कानाला लावला, त्याच्या स्पंजचा घामट वास आला आणि केबिन रोडवरचा तो सायबर कॅफे आठवला, जिथे कॉलेज सुटल्यावर आम्ही पाच मित्र गोळीबाराचा गेम खेळायचो. गेममधल्या दारातून सगळ्यात आधी मी घुसायचो आणि बहुतेक वेळा तिथेच मरायचो; पण मला गोळी कुठून लागली ते बघून मागचे चौघे समोरच्यांना टिपायचे. मीरा रोडला स्पर्धा ठरली, तेव्हा माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राने स्क्रीनवर स्कोअर उघडला. "तुझे किल बघ, डेथ बघ. मारलेस किती, मेलास किती! सॉरी यार, तुझ्या जागी दुसऱ्याला घेतोय." मी म्हटलं, "अरे, मी मरतो म्हणून तर तुम्हाला ते दिसतात!" तो हसला. "ते इथे कुठे लिहिलंय?" तरी स्पर्धेच्या दिवशी मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. स्क्रीनवर दाराशी सगळेच थबकले, पुढे कोणीच जाईना, आणि पहिल्याच सामन्यात ते हरले. मला वाटलं, आता तरी त्याला कळेल. बाहेर येऊन तो खुशीत म्हणाला, "हरलो यार, पण माझा किल-डेथचा रेशो बघितलास ना?" आज तो भेटला तरी त्याला समजावता येईल असं मला वाटत नाही.