पाटीवरची रिकामी जागा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ज्वारी निवडणं. कळंबच्या हॉटेलाच्या मागच्या ओट्यावर समोरासमोर बसलो होतो. सूप तिच्याकडं, पोतं माझ्याकडं. ती खडे काढून राह्यली होती, सूप रिकामं झालं का मी भरून देत होतो. दुपार कलली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "पाटीवर कवा लिवता?"

मी म्हटलं, "उद्या."

हे "उद्या" मी तिले सात वरसं देत आलो होतो. त्यावर ती आणखी एक गोष्ट बोलली. ती मी शेवटी लिहितो, कारण तिच्यासाठी मले हिंमत गोळा करावी लागन. मग ती सूप झटकून आत गेली आणि दिवे लागायच्या आधी चुलीपाशी बसल्या बसल्याच कलंडली. डॉक्टर येईस्तोवर सरलं होतं. झमकू तिचं नाव. मी आयुष्यात तिले नावानं हाक मारली नाही, म्हणून इथं लिहितो.

सोमला, भावा, तुझा निरोप पोचला. "वहिनी गेली, आता एकटा तिथं कायले कुजतो, तांड्यावर ये." हे तुले उत्तर आहे, आणि तांड्यावरच्या सगळ्यांले. माझ्यासारखे जे पोटासाठी यवतमाळ, नागपूर, कुठं कुठं गेले त्यांनी पण वाचावं. मी दुसरी शिकलेला माणूस. घरात आमची बंजाऱ्यांची गोर बोली चाले, पण कागदावर मले मराठीच येते, म्हणून तिचं बोलणं मराठीतच मांडतो. कोणाले गोड लागावं म्हणून लिहीत नाही. मले राग आहे, तो कुठं तरी ठेवला पाहिजे.

आम्ही निघालो त्या साली पुसदच्या बाजारात लोक बोलत होते, राजधानी नागपूरहून उठून मुंबईले गेली. आम्ही पण उठलो, पण कळंबपर्यंतच पोचलो. लोकांले वाटलं, शेत खडकाळ म्हणून गेले. खडकाळ शेतात आपल्या बापजाद्यांची हाडं झिजली, त्यापायी कोणी तांडा सोडत नाही. लग्नाले वीस वरसं होऊन पाळणा हलला नाही, अन् तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर चिलीम पेटली का माझ्या दुसऱ्या लग्नाचा विषय निघे. ती गोठ्याआडून ऐकत असे. "दुसरी आण" म्हणणाऱ्यांत तुझाही आवाज होता सोमला. मी विसरलो नाही.

आईनं मात्र अडवलं नाही. नाल्यापर्यंत सोबत आली. डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवून त्यातून आपल्या घरचा मोठा तवा काढला, सुनेच्या हाती दिला, म्हणाली, "भाजणारा हात कुठंबी उपाशी राहत नाही." मग आमच्याकडं पाठ करून निघाली. मागं वळून पाहिलं नाही. आम्हीच पाहत राह्यलो.

कळंबले गणपतीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक हॉटेल होतं. मालक परमुलखातला. कुठला ते सांगत नाही, एका माणसाच्या अकलेपायी सगळ्या मुलखाले बोल लावू नये. त्याचं गाव समुद्राकाठी, रेल्वेनं दोन दिवस, एवढंच समजा. आम्ही त्याले शेठ म्हणत होतो. मी विहिरीवरून पाणी आणायचो, लाकडं फोडायचो. ती मागं चुलीवर. शेठनं पहिल्याच आठवड्यात मले बाजूले घेऊन सांगितलं, "तुझ्या बायकोचा घागरा, ते आरसे, गिऱ्हाईक जेवायचं सोडून तेच पाहते. लुगडं नेसव." तिनं फेटिया-काचळी घडी करून ट्रंकेत ठेवली, लुगडं नेसली. त्या दिवशी चालताना ती दोनदा अडखळली. मी पाहिलं, बोललो नाही. न बोलायची सवय मले तिथूनच लागली असन.

आपण बाटी म्हणतो ती ज्वारीची भाकरच. पण तिच्या हातची जाड, तव्यावरून काढून निखाऱ्यापुढं उभी केली का टम्म फुगे अन् तिच्यातून वाफेचा सूर निघे. पहिलं एक साल मी हॉटेलाच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलं होतं: भाकर, भाजी, चहा. खेड्यावरची शिकलेली पोरंसोरं वाचत, बाकीच्यांले सांगत. चालून राह्यलं होतं.

मग देवळाले मोटारी येऊ लागल्या. साहेब लोक, त्यांच्या बायका, काळे चष्मे. शेठनं भिंतीले चुना मारला, माझा कोळसा त्याखाली गेला. यवतमाळहून पत्र्याची हिरवी पाटी रंगवून आणली. वर त्याच्या मुलखाच्या अक्षरात काही तरी, बाकी सगळी इंग्रजी. तिच्या बाटीले त्यानं नाव दिलं 'कंट्री ब्रेड'. एका मास्तरले मी अर्थ विचारला. तो म्हणे, गावठी पोळी. वा रे शेठ. गावठी म्हणून नाव लावलं, अन् गावठी माणसालेच ते वाचता येऊ नये अशी तजवीज केली.

शेठचं म्हणणं असं का मोटारवाला वाचून मागते अन् बैलगाडीवाला तोंडानं विचारते. खोटं आहे. बैलगाडीवाला विचारत नाही, त्याले लाज वाटते. तो पाटीकडं पाहते, मान हलवते, जसं सगळं समजलं, अन् शेजारच्या ताटाकडं बोट करून म्हणते, "तेच द्या." एकदा बाभुळगावकडची सात माणसं बसली. पहिल्यानं घाबरून चहा मागितला. सातही जणांनी चहा मागितला. सकाळपासून उपाशी माणसं, चहा पिऊन पुढं गेली. आत भाजी उकळत होती.

आता माझ्या सासऱ्याचं. हेमला मामा. त्यांच्या घराण्याची रीत तुम्हाले माहीत आहे: लेकीले लेकरू होईस्तोवर बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही. वीस वरसं तो माणूस लेकीच्या दारी येई तो आपली भाकर फडक्यात बांधून, पाणीसुद्धा तुंब्यात आपलं. अंगणात बसून खाई. ती उंबऱ्यात बसून पाही. रीत करणाऱ्याले काय माहीत, की लेकरू होणारच नाही अशी पण लेक असते.

हॉटेलाले हिरवी पाटी लागली त्या साली मामाच्या डोक्यात एक गोष्ट आली. आमच्या खोलीवर आला होता तेव्हा हळूच मले म्हणाला, "जावाई, हॉटेल काही कोणाचं घर नसते. तिथं पैसे टाकले, खाल्लं, निघालं. त्यात रीत मोडत नाही ना?" मी म्हटलं, "नाही मोडत मामा." म्हातारा असा हसला का त्याचे उरलेले सगळे दात दिसले. पण त्याची एक अट होती. गिऱ्हाईकासारखं यायचं, गिऱ्हाईकासारखं मागायचं, लेकीचं नाव काढायचं नाही, नाही तर ते लेकीचंच घर होते. त्याच साली तांड्यावर प्रौढांचा वर्ग निघाला, अन् साठीचा माणूस अक्षरं गिरवायले बसला. लोक हसले. "हेमला, तहसीलदार होतो का?" तो म्हणे, "नाही, एक पाटी वाचायची आहे."

पाटीच्या तळाशी हातभर जागा रिकामी होती. ती मले म्हणाली, "तिथं आपल्या अक्षरात बाटी लिवा. बा वाचून मागन." मी शेठले विचारलं. शेठ गल्ल्यावरून म्हणाला, "नवी पाटी बिघडवू नको. तुझा तांडा काय मोटारीत बसून येणार आहे?" छोटेलाल वाढपी तिथंच होता, तो हसला. मी मान खाली घालून मागं आलो अन् बायकोले सांगितलं, "लिवलं."

खोटं सांगितलं. ती पुढं कधी येतच नव्हती, बायामाणसांचं येणंजाणं मागच्या दारानं. आली असती तरी तिले वाचता येत नव्हतं. मले वाटलं, आज नाही तर उद्या लिहून टाकू, कोण पाहते. तिनं पुसदच्या बाजारले जाणाऱ्याजवळ निरोप धाडला: बाले सांगा, पाटीवर सगळ्यात खालच्या ओळीत आपली बाटी आहे.

मामा चतुर्थीले आला. गर्दीचा दिवस. मी हंडा घेऊन बाजूच्या दारानं आत शिरत होतो, तर पुढं हशा पिकला होता. एक म्हातारा पाटीपुढं उभा, पाठमोरा, डोक्यावर धुतलेला पांढरा पटका, काठीचं टोक सगळ्यात खालच्या ओळीवर टेकवलेलं. म्हणून राह्यला होता, "हे. हे दोन द्या." अन् छोटेलाल वरडत होता, "शेठ, बुड्ढा मोरी मांगता है! दो प्लेट मोरी!" निरोपातली सगळ्यात खालची ओळ ती, पण तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं, हात धुवायची जागा मागं आहे. मोटारवाले हसले. शेठ हसला. मी पण हसलो. नोकर माणूस मालकाचे दात दिसले का आपले दाखवते, तसा हसलो. चांगला मोठ्यानं.

म्हातारा वळला.

त्यानं मले पाहिलं. ओळख दाखवली नाही. दाखवली असती तर ते लेकीचं घर झालं असतं. छोटेलालले म्हणाला, "राहू दे बाप्पा, भूक नाही." अन् जोडे घालून निघून गेला. चूल तिथून दहा पावलांवर होती. त्याची लेक तेव्हा बाटी निखाऱ्यापुढं उभी करत होती. मी हंडा धरून तसाच उभा. एक हाक मारायची होती, "मामा". एवढंच. माझ्या तोंडातून निघाली नाही.

संध्याकाळी तिले कोणाकडून तरी कळलं, बा आलता अन् गेला. तिनं विचारलं, "अन् पाटीवर लिवलेलं?" मी म्हटलं, "शेठनं पुसलं." दुसरं खोटं. ती म्हणाली, "मग पुन्यांदा लिवा." मी म्हटलं, "उद्या."

मामा पुन्हा कळंबले आला नाही. राज्य मराठीचं झालं तेव्हा शेठनं पेढे वाटले, हॉटेलाले तोरण बांधलं. पाटी होती तशीच. तोरणाखाली 'कंट्री ब्रेड'. ती म्हणाली, "आता तर आपलंच राज्य म्हणतात, आता लिवा." मी म्हटलं, "उद्या." त्याच्या पुढच्या साली मामा वारला. लेकीच्या हातचा घास लग्नानंतर त्याच्या पोटात गेला नाही तो नाहीच. तांड्यावरून परत आलो त्या दिवशीच तिनं पुन्हा पाटीचं काढलं. मले राग आला. म्हटलं, "आता कोणासाठी?" ती म्हणाली, "कोणाचा तरी बाप येईलच ना."

आता ती शेवटच्या दिवशीची गोष्ट. मी "उद्या" म्हटलं, तेव्हा खडे निवडता निवडता ती म्हणाली, "बा आलता त्या दिवशी तुमचं हसू चुलीपाशी ऐकू आलतं. सगळ्यायच्या हसण्यात तुमचं वेगळं असते. कोण गरीब सापडलं आज, असं मनात आलं माह्या. मले काय ठाऊक, माहाच बा."

म्हणजे सात वरसं तिले माहीत होतं. त्या सात वरसांत तिनं मले एक दिवस करपलेली बाटी वाढली नाही. भांडली असती, तवा फेकून मारला असता, तर मी सुटलो असतो. तिनं मले सोडलं नाही, फक्त विचारत राह्यली, कवा लिवता. मले शेठवर जो राग आहे तो खरा आहे. ज्याच्या मुलखात राहून कमावता त्याच्या तोंडची दोन अक्षरं लिहायले तुमचा काय पत्रा झिजतो? पण शेठले ते काम कोणी सांगितलं नव्हतं. मले सांगितलं होतं.

म्हणून सोमला, मी येत नाही. तिकडं माझं घर आहे म्हणतो तू, तर त्या घरानं तिले गोठ्याआड उभं केलं. इकडं तरी काय, भाड्याची खोली अन् परक्याचं हॉटेल. पण माझं काम इथं अर्धवट पडलं होतं, अन् अर्धवट काम जिथं असते तिथंच माणसानं राहावं.

तिले फेटिया नेसवली, आरशांची काचळी घातली, अन् पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेल उघडायच्या वेळी गेलो. शेठ दारात दातून करत होता. मी स्टूल ओढलं, पाटीखाली ठेवलं, वर चढलो. खिशातून चुन्याची डबी काढली अन् त्या रिकाम्या जागेत बोटानं मोठ्या अक्षरात लिहिलं: बाटी. स्टूल हलत होतं. छोटेलालनं येऊन त्याचा पाय धरला. कोणी हसलं नाही.

शेठनं थुंकून तोंड पुसलं. म्हणाला, "लिहिलंस खरं. पण करणारी गेली. आता कोणी मागितली तर देणार कोण?"

मी स्टूलवरून उतरलो, आत गेलो, आईचा तवा चुलीवर ठेवला अन् परातीत पीठ घेतलं.