कोटाच्या खिशातलं पेन

आमच्या रिठद गावात लग्नाचा कोट एकच होता. काळा, बंद गळ्याचा, छातीवर एक खिसा असलेला. एरवी तो शिंपीकाकांच्या पेटीत असायचा आणि ज्याचं लग्न निघेल त्याच्या अंगावर चढायचा. नवरदेव जाडा असो की काटकुळा, काका दोन टाके इकडे, दोन टाके तिकडे घालून कोट बसवून देत. त्या खिशाला एक फाउंटन पेन लावलेलं असे. लाल टोपणाचं, पिवळ्या क्लिपचं. कोट गेला की पेन त्याच्याबरोबर जायचं. छातीवर पेन असलं की नवरदेव शिकलेला दिसतो, एवढंच त्या पेनाचं काम. गावातली कितीतरी लग्नं त्यानं पाहिली होती, कागद मात्र फारसा पाहिला नव्हता.

आणि मी पेनासाठी जीव टाकत होते.

मी तेव्हा सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलला दुसऱ्यांदा बसणार होते. पहिल्या खेपेला नापास झाले ती अक्कल कमी म्हणून नव्हे, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. माझा घात टाकानं केला. दर दोन शब्दांना दौतीत बुडवायचं, कागदाच्या धाग्यात निब अडकली की सोडवायची, डाग पडला की टिपत बसायचं. उत्तरं सगळी येत होती आणि घंटा झाली तेव्हा अर्धा पेपर कोरा होता. मी परीक्षेच्या खोलीतच रडले, आणि रागानं रडले.

आमचा भाजीचा मळा होता. वांगी, मिरच्या, कांदे असं सगळं बाबा वाशीमच्या बाजाराला न्यायचे. निकाल कळल्यावर ते एवढंच बोलले, "आनखी एक डाव बस. जमलं त तुले मास्तरनीच्या ट्रेनिंगले धाडतो. नाही जमलं त लग्नाचं आलेलं ठिकान पाहू." बाबा शब्दाचे पक्के, दोन्हीकडून पक्के. म्हणून मी वर्षभर अभ्यास केला त्याहून जास्त पेन शोधलं. बोरू तासून पाहिले, ते भराभर लिहिताना बोथट व्हायचे. बाबांनी शेलूबाजारहून एक स्वस्तातलं पेन आणलं, ते लिहायचं कमी आणि ओकायचं जास्त. माझी बोटं, ओढणी, सगळं निळं करून ते एक दिवस मधोमध चिरलं. चांगलं पेन घेण्याची आमची ऐपत नव्हती.

परीक्षा आठवड्यावर आली आणि मला एकदम त्या कोटाची आठवण झाली. मी पळतच शिंपीकाकांकडे गेले.

"काका, कोटाचा पेन मले द्या परीक्षेले."

काकांनी यंत्र थांबवलं. "तो पेन लिवाले नाही वं बाई, खिशाले हाय."

"पेन हाय न तो? मंग लिवाले काहून नाही?"

मी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी वैतागून पेन हातात ठेवलं. उघडून पाहते तर आत शाई वाळून दगड झालेली! कुणा हौशी नवरदेवानं सासरी सही करून दाखवायला त्यात घरची शाई भरली होती. आमच्याकडे घरोघरी शाई काजळीची, बाभळीचा डिंक घालून केलेली. बोरूला ती छान, फाउंटन पेनाच्या मात्र नरड्यात बसते. त्यानं पेन बिघडलं असं समजून गुपचूप खिशाला लावून परत केलं असणार. पुढच्या एकाही नवरदेवाला ते कळलं नाही, कारण कुणी टोपण काढलंच नव्हतं.

मी ते घरी आणून कोमट पाण्यात बुडवलं. पाणी काळं झालं की बदलायचं, पुन्हा बुडवायचं. दिवस कलताना बाजारच्या पुडीची पातळ शाई फडक्यातून गाळून भरली आणि निब कागदावर टेकवली. ओळ निघाली! मधे कुठं तुटली नाही, फुटली नाही, डाग नाही. कागद संपला तेव्हा मी केळीच्या पानावर लिहिलं. आई म्हणाली, पोरीले वारं लागलं. लागलंच होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारचा दादा कोट अंगावर घालून बघायला काकांकडे गेला. त्याचं लग्न आसेगावला, नेमकं माझ्या पहिल्या पेपरच्या दिवशी. काकांनी मला बोलावणं धाडलं. मी पेन मुठीत आवळूनच गेले.

"देऊन टाक," काका म्हणाले. "बिनपेनाचा नवरदेव बरा दिसते काय?"

दादा बिचारा गरीब स्वभावाचा, मागून घेणाऱ्यातला नव्हे. पण त्याच्या तोंडावर त्याला पेन हवं असल्याचं स्पष्ट दिसत होतं. मी त्या रिकाम्या खिशाकडे पाहत राहिले आणि एकदम ओरडले, "दादा, खिशातून बाहेर दिसते काय? टोपणच न?"

दादा आधी माझ्याकडे, मग खिशाकडे बघत राहिला आणि हसायलाच लागला. काकांनी कपाळावर हात मारला, म्हणाले, टोपण नसलं त निब वाळून जाईन, मंग कायनं लिहिशीन? पण मळेवाल्याच्या पोरीला त्याची काय चिंता! कांद्याची पात आतून पोकळ असते. ताजी पात कापून निबेवर चढवली की टोपणासारखी बसते आणि ओलावाही धरते. काकांनी टोपण खिशाला आतून टाके घालून पक्कं केलं आणि दादा वऱ्हाड घेऊन आसेगावला गेला. मी भाजीच्या गाडीवर बसून वाशीमला.

परीक्षेच्या खोलीत मी पात काढली आणि वास सुटला. देखरेखीचे मास्तर नाक फेंदारत दोनदा माझ्या बाकापाशी येऊन गेले. येऊ द्या! माझा हात धावत होता. घंटेची वाट बघत बसण्याचं सुख मी जन्मात पहिल्यांदा त्या दिवशी घेतलं.

परत आले तेव्हा गावभर दादाच्याच लग्नाची चर्चा. झालं असं की मांडवात आहेर लिहिणाऱ्याचा टाक मोडला. नवरीच्या मामानं नवरदेवाच्या खिशाकडे हात केला, "जावईबापू, पेन द्या." टोपण टाक्यांनी बसलेलं, निघतं कसलं? मामा ओढतो आहे आणि सगळा मांडव बघतो आहे. वऱ्हाडात गेलेले शिंपीकाका सांगत होते की लाजेनं त्यांनी स्वतःच मान खाली घातली. आणि आमचा तो गरीब दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "माह्यापाशी टोपणच हाय. पेन परीक्षेले गेला. आमच्या गावची पोरगी वाशीमले पेपर लिहून राह्यली त्यानं."

ऐकून मला काय वाटलं ते कसं सांगू? मला इतका आनंद झाला की मी जेवले नाही.

आठवड्यानं दादाची नवी नवरी टोपली घेऊन भाजी न्यायला आमच्या मळ्यात आली. पदर नीट करत माझ्याकडे बघून म्हणाली, "पेनवाली पोरगी तूच काय?"

"हो."

"मांडवात सारे हासले, मी नाही हासली. मले दुसरीतूनच काढलं घरच्यायनं." टोपली काखेला लावत म्हणाली, "तू पास हो वं माय."

निकाल लागला तेव्हा बाबा बाजारातून गाडी हाकत, लांबूनच ओरडत आले. मी पास झाले होते! मी पहिली धावले ती तिच्याकडे. ती भाकरी थापत होती. पिठाच्या हातांनीच तिनं मला धरलं, सासू समोर बसलेली असताना, आणि म्हणाली, "ट्रेनिंगले जाईपर्यंत वेळ हाय न तुले? मंग उद्यापासून माही तिसरी सुरू कर."