काट्याची वेल

नातसुनेला दूध येत नव्हतं. नातू फौजेत, लांब सरहद्दीवर, आणि इथं लेकरू रडून रडून घसा बसलेलं. मला घरात बसवेना. म्हटलं, शतावरी आणते. गावाच्या पल्याड टेकडीवर ती होती, पण तिच्याच अंगावर कळलावी चढलेली. जमिनीखाली दोघींची मुळं गुंतलेली. एक दूध देणारी, दुसरी जीव घेणारी.

कॉलेजात जाणारी नात सोबत होती. ती म्हणाली, "आजी, जुन्या पुस्तकांत या दोघी एकाच कुळातल्या. कांदा, लसूणसुद्धा त्यातच."

"म्हणजे चातुर्मासात मी कांदा सोडते आणि त्याच्या बहिणीला खणते?"

"हाँ, और क्या!" ती हसली. मला हसू येईना.

शतावरीला काटे असतात, कळलावीला नसतात. म्हणून काटेरी वेल मुठीत धरून मी तसाच हात खाली मुळापर्यंत नेला. तळहात सोलून निघाला. माती उकरून त्या वेलीलाच जोडलेली होती तेवढीच मुळं घेतली.

घरी ती दुधात उकळली आणि आधी मीच पेलाभर प्याले. नात ओरडली. दिवसभर मी अंगणात येरझारा घातल्या. पोटात काही झालं नाही, तरी चैन पडेना. दिवेलागणीला नातसुनेला हाक मारली, "घे बाई, आता पी."