शालिनीताई लॅपटॉप बघायला जातात

दाना ओलीतल्या शालिनीताईंनी तीस वर्षांत ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली निदान दोनशे लग्नं जुळवली. सगळा कारभार तीन फुगलेल्या वह्यांत. यंदा मराठी मंडळाने बजावलं, रविवारच्या वधूवर मेळाव्यात स्थळं पडद्यावर दाखवायची. जमत नसेल तर कंपू मोहल्ल्यातल्या, लग्नंच जुळवणाऱ्या कुसुमताई टपलेल्याच आहेत.

"कुसुम? तिला सख्ख्या भाच्याची रास ठाऊक नाही!" असं म्हणत ताई शुक्रवारी सुनेला, सीमंतिनीला, घेऊन सिटी सेंटरला निघाल्या. काम काय, तर यादी टाइप करायची, फोटो दाखवायचे, इंदूरच्या मंडळींशी व्हिडिओवर बोलायचं. त्याला नवा लॅपटॉप कशाला? जुना बघू.

जुन्या लॅपटॉपच्या दुकानात मालक विक्रमसिंहने दोन मांडून ठेवले. एक चंदेरी, सडपातळ. दुसरा काळा, जाडजूड, अर्धी अक्षरं पुसलेला.

"वय?" ताईंनी चंदेरीकडे बोट केलं.

"नऊ साल, ताई. पर दिखता नहीं ना? एकदम हीरो!"

"आधीचं घर का सुटलं?"

"आई, लॅपटॉप आहे तो," सीमंतिनी कुजबुजली.

"म्हणूनच विचारतेय. माणूस निदान स्वतः सांगतो. दम किती?"

"बॅटरी चाळीस मिनिट. चार्जर लावून ठेवला तर दिवसभर."

"म्हणजे आईचा पदर सोडत नाही. आणि हा काळा?"

"सहा वर्षांचा. एका ऑफिसात होता, त्यांनी सगळेच बदलले. वीस सेकंदात उठतो. फक्त पंखा आवाज करतो."

"घोरतो होय! चालेल. ह्यांच्याबरोबर चाळीस वर्षं काढली."

सीमंतिनीने पेन ड्राइव्ह लावला. एकशे बारा स्थळं. चंदेरीने सात उघडली, पांढराफटक पडला आणि गोल गोल चक्र फिरवत बसला. काळा घरघरला, कण्हला, पण एकशे बाराच्या एकशे बारा ओळीने उभी केली.

ताईंच्या मनात काळा भरला. तोंडातून मात्र तीस वर्षांची सवय बाहेर पडली: "छान. दोन दिवसांत कळवतो आम्ही." नमस्कार करून त्या जिना उतरल्यासुद्धा.

"आई, आवडला ना? मग कळवतो काय?" सीमंतिनी रिक्षात किंचाळली. "परवा रविवार आहे!"

"पहिल्या भेटीत हो म्हणतात का कुठे? समोरची मंडळी शेफारतात."

"समोर मंडळी कोण? तो लॅपटॉप?"

ताईंनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर टिचकी मारली. मग रिक्षा मागे वळली.

दुकानात विक्रमसिंह काळा लॅपटॉप कॉलेजातल्या एका मुलीला दाखवत होता.

"अहो, तो आमचा!"

"तुम्हीच तर नाही म्हणालात, ताई."

"मी? कधी?"

"'कळवतो' बोललात ना!" विक्रमसिंहने छातीवर हात ठेवला. "मैंने छह घरों में पोहे खाए हैं, ताई. सहाही घरं 'कळवतो'च बोलली. मला मतलब नका समजावू."

"आंटी, जल्दी डिसाइड करो," मुलगी म्हणाली, "मेरी क्लास है."

ताईंच्या डोळ्यांसमोर रविवारच्या मेळाव्यात पडद्यापाशी उभी कुसुम आली, नवी पैठणी नेसलेली. त्यांनी डोळे मिटले आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं.

"पसंत आहे!" त्या ओरडल्या. "आत्ता, इथे, पत्रिका न जुळवता पसंत!"

मुलगी दोन पावलं मागे सरली. विक्रमसिंहने अगदी हळुवार हाताने काळ्याचं झाकण मिटलं.

"तुमचाच," तो म्हणाला. मग घसा खाकरला. "ताई, फक्त एकदा फिर से बोला ना. कसं वाटतं ते ऐकायचंय."